बाहेरची व्यक्ती

२ फेब्रुवारी, सोमवार

पुस्तिका माझ्याकडे आली. शेवटी! मोठ्या बाईंनी भर बैठकीत सांगितलं, "हे काम हीच करेल," आणि समोरच्या दोघांचे चेहरे असे पडले की मला दुपारचा डबासुद्धा गोड लागला.

पुस्तिका आईवडिलांसाठी आहे. मुलं पाण्याजवळ असताना काय करायचं आणि काय नाही. मुलांना पोहायला शिकवणारी आमची संस्था, तेव्हा हे आम्ही नाही सांगणार तर कोण? नियम तयार आहेत, चित्रं तयार आहेत, बुडालेल्याला बाहेर काढल्यावर काय करायचं तेही तयार आहे. पण मोठ्या बाईंना एक वेगळंच प्रकरण हवंय. "नियम कुणी वाचत नाही गं. ज्याचं मूल गेलंय अशा कुणीतरी लिहायला हवं. स्वतःच्या शब्दांत."

प्रकाशन मार्चअखेर. पुस्तिका सगळ्या शाळांत जाणार. मूल गेलेला आणि वर लिहिताही येणारा माणूस मी एवढ्यात कुठून पैदा करू? जाहिरात देऊ?

४ फेब्रुवारी, बुधवार

माणूस मिळाला. आमच्या एका शिक्षिकेने कुणाला तरी सांगितलं, त्या कुणीतरी त्याला, आणि आज तो आपणहून दारात.

गाडी चालवायला शिकवतो. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, आवाज हळू. दोन वर्षांपूर्वी त्याची सहा वर्षांची मुलगी पोहण्याच्या तलावात गेली. उथळ बाजूला, दिवसाढवळ्या, गर्दीत. बोलताना उजव्या पायाने जमीन दाबत राहतो. धंद्याची सवय असणार. शेजारी शिकाऊ माणूस असला की दुसरा ब्रेक याच्या पायाखाली.

"मी काही लेखक नाही, मॅडम."

"तेच तर हवंय."

"लिहीन. पण बायकोला दाखवल्याशिवाय काही छापायचं नाही."

"अर्थात," म्हटलं. अर्थात म्हणायला काय जातं.

बायको खाली गाडीत बसून होती. वर या म्हणून निरोप पाठवला, पण आली नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

त्याच्यासाठी फाइल उघडून शेअर केली. तो घरून थेट लिहील, आम्ही इथून वाचू. कागद येणार-जाणार ही कटकटच नको. त्याचा पत्ता टाकल्याबरोबर पिवळी पाटी आली: "ही व्यक्ती तुमच्या संस्थेबाहेरची आहे. तरीही शेअर करायचं?" हो. नुसतं बघायची परवानगी की बदल करायचीही? बदल करायचीही, नाहीतर बिचारा लिहिणार कसा. बायकोचं खातं नाही म्हणाला, म्हणून ज्याच्याकडे लिंक असेल त्याला वाचता येईल, हेही चालू करून दिलं. एवढं मन मोठं ठेवलं.

कॉम्प्युटरवाला बाजूने चालला होता, तो थबकला. "बाहेरच्या माणसाला एडिट दिलंत? मग त्याला तुमचं—"

"माहितेय मला."

"नाही, म्हणजे कॉमेंटचं—"

"अहो, माहितेय."

गेला. याला साधं दार कसं उघडायचं तेही तीन वाक्यांत सांगायचं असतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

पहिली पानं आली. देवा रे.

मुलीचा जन्म, मुलीचा पहिला दात, मुलीच्या सँडलचं बक्कल. तलावापर्यंत पोचायलाच चार पानं. मी, मोठ्या बाई आणि आमचा चित्रकार अशा तिघांनी मिळून फाइल वाचायला घेतली आणि कडेच्या पट्टीत कॉमेंट टाकत सुटलो. आपल्याआपल्यात बोलायची किती छान सोय आहे ही! एरवी चित्रकाराला एक ओळ पाठवायची तर दोन मजले चढावे लागतात.

मी पहिल्या पानावर टाकलं, "रुमाल काढून ठेवा." चित्रकाराने दुसऱ्या पानावर, "माझा भिजला." मग सुरूच झालं. सँडलचं बक्कल तिसऱ्यांदा आलं तिथे मी लिहिलं, "आता हे बक्कल बुडालं तर बरं." मोठ्या बाईंनी त्यावर हसरा चेहरा टाकला. मोठ्या बाईंनी! आठ वर्षांत त्यांनी माझ्या कशावर हसरा चेहरा टाकलेला मला आठवत नाही.

त्याचं 'क्लच' हे नावही मीच ठेवलं. "क्लचने इथे गिअर बदलावा. फार वेळ पहिल्यावरच चाललाय." चित्रकार म्हणाला, तू वाया गेलीस इथे.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज फाइल उघडली तर बक्कल नाही. एकाही पानावर नाही. दातही गेला. जन्म दोन ओळींत आटोपला. तलाव पहिल्याच पानावर.

मी अजून त्याला फोनसुद्धा केला नव्हता! शब्द कसे जपून वापरायचे यावर काय बोलायचं ते ठरवत होते, आणि हा आधीच वापरून मोकळा. काही माणसांना उपजतच कळतं. मोठ्या बाईंना सांगितलं, "लेखकाशी माझा सूर जुळलाय." सांगायला हरकत काय?

१६ फेब्रुवारी, सोमवार

आई माझ्याकडे आहे, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून. वाचायचं नाही, टीव्ही नाही, त्यामुळे दिवसभर कान टवकारून बसते. संध्याकाळी डोळ्यांत थेंब घालून झाल्यावर तिला म्हटलं, ऐक, नवं प्रकरण वाचते.

मी वाचत गेले. तलावाची वेळ, पाण्यातली मुलं, शिट्टीवाला माणूस, उथळ भागाची दोरी. आता वाक्यं छान आखूड झालीत. 'मुलगी दोरीच्या अलीकडे होती. मी पायरीवर होतो. माझा फोन लॉकरमध्ये होता. पायरीवरून दोरी स्पष्ट दिसते.' आई डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं झोपली.

"हा कुणाशी बोलतोय गं?"

"म्हणजे? वाचणाऱ्यांशी."

"छे. याला कुणीतरी उभं करून प्रश्न विचारतंय. एकेका प्रश्नाला उत्तर देतोय बघ. तोंड वर न करता."

"आई, हे पुस्तक आहे."

"असेल बाई." कुशीवर वळली. "पण मारू नका त्याला."

ऑपरेशननंतर जरा हळवी झालीय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पण आईमुळे एक गोष्ट लक्षात आली, त्याचं श्रेय तिला द्यायला हवं. मोठ्याने वाचताना जाणवलं की फोन लॉकरमध्ये होता हे तो दोनदा सांगतो. एकदा सुरुवातीला, एकदा पायरीवर. कुणी विचारलंय?

तिथे कॉमेंट टाकली: "दोनदा सांगतोय म्हणजे नव्हता."

मग मोठ्या बाई आल्या: "बरोबर. सगळे जण काय करत होते ते कळतं, बाप काय करत होता ते कळत नाही. काहीतरी लपवतोय."

मी: "फोनवर असणार. सगळे असतात. कबूल करेल तर पुस्तिकेचं सोनं होईल."

चित्रकार: "मुखपृष्ठावर चित्रच नको. नुसतं वाक्य. 'मी फोनवर होतो.' पांढऱ्यावर काळं."

हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, खोटं का सांगू. एखादी गोष्ट जमून येते तेव्हा असं होतं. पण हे त्याला विचारायचं कसं? 'अहो, तुम्ही फोनवर होतात का?' असं एखाद्या बापाच्या तोंडावर कसं म्हणणार! मी काही राक्षस नाही. मोठ्या बाईंना म्हटलं, दोन-तीन दिवस द्या, कुठून तरी हळूच विषय काढते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

विषय काढावाच लागला नाही!

जेवणानंतर फाइल उघडली तर तो आत होता. फाइलमध्ये कुणी असलं की त्याचा कर्सर दिसतो, त्याच्या नावाची हिरवी पट्टी लावलेला. ती पट्टी पायरीच्या परिच्छेदात उभी होती. हलत नव्हती. मग 'लॉकरमध्ये होता' हे शब्द शेवटाकडून एकेक अक्षर करत खाल्ले गेले.

मी चित्रकाराला हाक मारली. दोन मजले धावत खाली आला. चहा घेऊन दोघे पडद्यासमोर बसलो.

'मी तिथे होतो.' पुसलं. 'मी तिथेच होतो.' पुसलं. 'माझं लक्ष'. पुसलं. मग बराच वेळ काही नाही, नुसती पट्टी लुकलुकत होती. चित्रकार म्हणाला, "चल रे क्लच, चढ आहे, मार गिअर." मला हसू आवरेना, चहा सांडता सांडता राहिला. मग 'मी फो' असं आलं आणि पुसलं. पुन्हा आलं. 'मी फोन'.

'मी फोनवर होतो.'

आणि पूर्णविराम. चित्रकाराने टाळी वाजवली.

वर कोपऱ्यात आणखी एक गोल होता, नाव नसलेला, म्हणजे कुणीतरी नुसत्या लिंकवरून वाचत होतं. तोही पूर्णवेळ तिथेच. ते वाक्य पुरं झालं आणि तो गोल गेला. मोठ्या बाई असणार, बाहेरून पाहत असतील. त्यांना असं गुपचूप डोकवायची सवय आहे.

हिरवी पट्टी मात्र नंतरही खूप वेळ तिथेच होती.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या बाई म्हणाल्या, काल दिवसभर त्या फाइलकडे फिरकल्याच नाहीत. मग कोण होतं? असेल कुणी. मुखपृष्ठाचं वाक्य पक्कं झालं. मला सगळ्यांसमोर "शाब्बास" म्हणाल्या.

३ मार्च, मंगळवार

त्याचा फोन आला. पहिल्यांदाच. मागे गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती, कुठेतरी कडेला थांबला असावा.

"मॅडम, ते वाक्य काढता येईल का?"

"कुठलं?" कळलं होतं तरी विचारलं.

"पायरीवरचं."

"खरं नाही का ते?"

टिकटिक टिकटिक.

"फोन खिशात होता. वाजला, म्हणून कुणाचा आहे ते पाहिलं. उचलला नाही. वर पाहिलं तर ती दिसेना."

"मग तसं म्हटलं तर फोनवरच होतात की."

"तसं म्हटलं तर, हो."

"मग राहू दे. किती मुलं वाचतील त्या एका वाक्याने, विचार करा."

"तुम्हाला ते तसंच हवं होतं, म्हणून लिहिलं मी." मग म्हणाला, "बायको बहिणीकडे गेलीय. बोलत नाही."

मी म्हटलं, लिहिताना जुन्या जखमा उघडतात, त्यांना थोडा बदल बराच. तो "हो" म्हणाला. 'तुम्हाला हवं होतं म्हणून' हे किती समजूतदारपणे म्हणाला. नाहीतर लेखक एका स्वल्पविरामासाठी जीव खातात.

पण भरवसा काय? आज हो म्हणतो, उद्या सकाळी उघडून पुसून टाकेल. म्हणून फोन ठेवल्याबरोबर त्याची बदल करायची परवानगी काढून घेतली. आता त्याला फाइल दिसेल, हात लावता येणार नाही. छापायला जाईपर्यंत एवढं करावंच लागतं.

मन थोडं खट्टू झालं. पण थोडंच.

६ मार्च, शुक्रवार

त्याची मेल. पूर्ण उतरवते:

'मॅडम, आता हात लावता येत नाही. दिसतं मात्र सगळं. आपला, क्लच.'

क्लच? हे नाव त्याला कुणी सांगितलं? चित्रकाराला विचारलं तर शपथा घ्यायला लागला. मोठ्या बाई तर बोलणं शक्यच नाही. धंद्यातले लोक स्वतःला गमतीने असं म्हणत असतील का? असतील. जोडीला ब्रेक, अॅक्सिलरेटर असे दोस्त असतील.

सगळं म्हणजे काय सगळं?

९ मार्च, सोमवार

शनिवार-रविवार ते 'सगळं' डोक्यातून जाईना. आज सकाळी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाहेरच्या माणसाला आपल्या कॉमेंट दिसत नाहीत ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःचं घरचं खातं उघडलं, बाहेरची व्यक्ती म्हणून ते जोडलं, त्याला आधी होती तशीच परवानगी दिली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

कडेची पट्टी. माझं नाव, शेजारी माझा हसरा फोटो. 'रुमाल काढून ठेवा.' 'हे बक्कल बुडालं तर बरं.' एकाखाली एक.

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून. शिवाय प्रत्येक कॉमेंटची त्याला मेल जाते. तुम्ही टाकली की लगेच."

म्हणजे दुसऱ्या सीटवर शिकाऊ बसलाय, हा त्याला वळण कसं घ्यायचं ते सांगतोय, आणि खिशात फोन थरथरतोय. मी, चित्रकार, मोठ्या बाई. पुन्हा मी.

मग पहिल्यांदा काय केलं असेल तर सगळ्या कॉमेंट पुसायला घेतल्या. कॉम्प्युटरवाला शेजारी उभा होता. "आता पुसून काय होणार? मेलमध्ये आहेतच त्यांच्याकडे." तरी मी शेवटची पुसेपर्यंत थांबले नाही. मग त्याला म्हणाले, "तुम्ही मला स्पष्ट सांगायला नको होतं का?" तो लॅपटॉप काखेत मारून गेला.

मोठ्या बाईंच्या खोलीत तिघांची बैठक झाली. दार लावून. चित्रकाराचा चेहरा कागदासारखा झाला होता. मोठ्या बाईंनी एकच विचारलं, "त्याने तक्रार केलीय?"

"नाही."

"वर्तमानपत्राकडे जाईल असा आहे?"

"नाही वाटत."

"मग आपणहून कशाला उकरायचं? माफी मागितली म्हणजे त्याच्या लक्षात येईल की रागवायला हवं होतं." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि खरं तर त्याच्या लिखाणाला फायदाच झाला."

हे मात्र खरं आहे. आधीची पानं आणि आताची पानं शेजारी ठेवली तर कुणीही सांगेल.

मला माफी मागावीशी वाटते. वाटतेच. पण एकटीने मागितली तर इतर दोघे तोंडघशी पडतील.

१७ मार्च, मंगळवार

त्याची बायको आली होती.

आधी कळवलं नाही, काही नाही. खालून फोन आला, कुणी बाई भेटायला आल्यात म्हणून. मला वाटलं वर्गाची चौकशी असेल. किरकोळ बांधा, खांद्याला पर्स. बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"ताई, 'सोनं होईल' असं तुम्हीच लिहिलंत ना?"

मी म्हणाले, "बसा ना."

"मी भांडायला नाही आले. मला सांगा, ते वाक्य छापून झालं का?"

"कुठलं?" पुन्हा तेच. माझ्या तोंडाला ही सवयच लागलीय.

"त्या दिवशी मी आतल्या खोलीत होते. तो बाहेर टेबलावर लिहीत होता. मला म्हणाला, लिहीत असताना समोर बसू नकोस, लिंक देतो, तिकडून वाच. मी मोबाईलवर वाचत होते. अक्षर अक्षर येत होतं. पुसायचा, परत लिहायचा. मला कळेना, याला एवढं काय अडतंय."

म्हणजे तो बिननावाचा गोल.

"दोन वर्षं मला सांगत आला की फोन लॉकरमध्ये होता. म्हणून माझा फोन उचलला नाही."

"तुमचा?"

"मी केला होता फोन. तिचा टॉवेल घरी दोरीवरच राहिला होता. बाहेर निघाल्यावर थंडी वाजेल तिला, लवकर घेऊन ये, एवढं सांगायचं होतं." तिचा आवाज हलला नाही. हलला असता तर मला बरं पडलं असतं. "तो माझं नाव बघत होता, तेवढ्यात ती गेली. हे मला कळू नये म्हणून लॉकर. मला सांगायचा, पोलिसांना सांगितला, तुमच्या फाइलमध्ये दोनदा लिहिला. आणि तुम्ही म्हणालात, दोनदा सांगतोय म्हणजे नव्हता."

टेबलावर पेन होतं, ते मी उघडलं आणि बंद केलं.

"आता मला कळलंय ते कळलंय," ती म्हणाली. "त्याचं काही होणार नाही. पण लोक वाचतील तेव्हा त्याला म्हणतील, फोनवर गप्पा मारत बसला आणि पोर घालवली. ते खरं नाही. एक तर काढून टाका, नाहीतर पुरं लिहा. बायकोचा फोन होता म्हणून लिहा."

मुखपृष्ठावर एवढं मावणार नाही, हा माझा पहिला विचार होता. इथे लिहिते कारण इथे कुणाला शेअर केलेलं नाही.

"छापून झालं का?" तिने परत विचारलं.

"हो," मी म्हणाले. "झालं."

तिने मान हलवली, जशी डॉक्टरांनी काही सांगितल्यावर हलवतात तशी. पर्स सावरली आणि गेली.

मुखपृष्ठ उद्या जाणार आहे छापायला.

१८ मार्च, बुधवार

सकाळपासून ती फाइल उघडून बसले होते. वाक्य काढणं म्हणजे एका बोटाचं काम. पण मग मुखपृष्ठ कोरं. मग मोठ्या बाईंना कारण सांगा. मग ती इथे आली होती हे सांगा, आणि मी तिला काय सांगितलं तेही. मग त्या विचारणार, छापून झालंय असं सांगितलंस ना? मग झालंच की.

आणि ती म्हणते तसं पुरं वाक्य छापलं तर लोक तिला बोलतील. ते तर आणखी वाईट. म्हणजे न बदलण्यात तिचंच भलं आहे. हे मनाशी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. दोनदा पटलं.

दुपारी छापखान्याचा माणूस येऊन घेऊन गेला.

आई विचारत होती, त्या पायरीवरच्या माणसाचं पुढे काय झालं. म्हटलं, छान झालं, पुस्तक येतंय त्याचं.

२८ मार्च, शनिवार

प्रकाशन झालं. सभागृह भरलं होतं. शाळांचे मुख्याध्यापक, पालक, आमच्या वर्गातली मुलं. पांढरं मुखपृष्ठ, मधोमध काळं वाक्य, आणि दाराशी रचलेला गठ्ठा. लांबून पाहिलं तरी वाचता येत होतं. चित्रकाराने नवा कोट घातला होता.

तो येणार नाही असं मला वाटत होतं. आला. तोच इस्त्रीचा शर्ट. आणि बायकोही आली, त्याच्याबरोबर. म्हणजे परतली असावी, किंवा नुसती आजच्यापुरती आली असावी. दोघे दुसऱ्या रांगेत, कडेला बसले होते. बोलत नव्हते. मी नमस्कार केला. त्यानेही केला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मुखपृष्ठाकडे, मग परत माझ्याकडे. छापायच्या तारखा तिला ठाऊक असायचं काही कारण नाही. तरी मी दुसरीकडे वळले.

मोठ्या बाईंचं भाषण छान झालं. "एका पित्याने आपणहून, कुणीही न विचारता, हे लिहिलं," असं म्हणाल्या. टाळ्या पडल्या. त्याला उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला, उजवा पाय जमिनीवर दाबून.

मग प्रश्न. एकाने उथळ भागाच्या खोलीबद्दल विचारलं, त्याला आमच्या शिक्षिकेने उत्तर दिलं. मग मधल्या रांगेतून एक बाई उठल्या, चांगल्या घरच्या, हातात पुस्तिका, आवाज रागाने कापत होता.

"मला यांना विचारायचंय. असा कुणाचा फोन होता हो? पोटची पोर पाण्यात असताना घ्यावा इतका महत्त्वाचा? कुणाचा होता?"

मोठ्या बाईंनी माईक पुढे करायला सांगितला. दुसऱ्या रांगेतली ती, त्याची बायको, खुर्चीचे हात धरून उठायला लागली. तोंड उघडलं होतं तिने. अर्धी उठली असेल, तेवढ्यात त्याने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि तिला खाली बसवलं. ओढलं नाही. चूक वळणावर शिकाऊ माणसाचं स्टिअरिंग धरतात, तसं धरलं.

माईक त्याच्या तोंडाशी आला.

"राँग नंबर होता," तो म्हणाला.

कुणीतरी चुकचुकलं. मागच्या बाजूने एक जण "बघा!" असं म्हणाला. त्या प्रश्न विचारणाऱ्या बाई काही क्षण तशाच उभ्या राहिल्या, मग "राँग नंबरसाठी?" एवढंच पुटपुटून खाली बसल्या. हळूहळू सगळं सभागृह त्याच्याकडे ज्या नजरेने बघायला लागलं तिचं वर्णन मी करणार नाही. तो सरळ समोर बघत होता. तिचं मनगट त्याने सोडलं नव्हतं. तिने मान खाली घातली होती आणि खांदे हलत होते, पण आवाज नव्हता.

व्यासपीठावरून मोठ्या बाईंनी मला नजरेने शोधलं, आणि हवेत बोटाने लिहिल्यासारखी खूण केली. लिहून घे. दुसऱ्या आवृत्तीसाठी.

मांडीवर लॅपटॉप होता. फाइल उघडली, पायरीच्या परिच्छेदात गेले आणि 'मी फोनवर होतो'च्या पुढे लिहून घेतलं.